बिजागरी

आमच्या गावातून विमान गेलं ते रस्त्यानं.
मध्यरात्र उलटल्यावर, माणसाच्या चालीनं,
ट्रकांवर लादलेलं, सुटं सुटं:
पोटाचे तीन भाग, दोन पंख, शेपटीचा आडवा पंख.
टुलूझला नेऊन जोडायचे.

आधी मेअरच्या कचेरीतून चिठ्ठी यायची:
झडपा आत घ्या, कुंड्या उचला,
चौकात मोटारी लावू नका.

फिर्मँ स्टूल घेऊन वरच्या खिडकीत बसायचा.
आमची भिंत आणि ते, मधे दीड वीत.
एकदा त्यानं हात बाहेर काढला
आणि ते हिरवट, रंग न चढलेलं पोट
सबंध सरकून जाईपर्यंत
तळवा त्यावर ठेवला,
विणाऱ्या गाईच्या कुशीवर ठेवायचा तसा.
खालून टॉर्चवाला ओरडला.
फिर्मँ एवढंच म्हणाला, "थंड आहे गं."
तो जन्मात कधी विमानात बसला नाही.
बोर्दोपर्यंत गेला एकदा, तोही दात काढायला.

मुलं झोपेतून उठून पायजम्यात उभी राहायची.
बेकरीवाली सोलांज त्या रात्री भट्टी लवकर पेटवायची.
"पाचशेच्या वर माणसं मावतात," कुणीतरी सांगायचं,
आणि आम्ही मनातल्या मनात
अख्खं गाव आत बसवून बघायचो,
पाद्री पुढे,
लाकोस्तचे भाऊ एकमेकांपासून लांब.

मग एका रात्री शेवटची खेप गेली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मला ते विचित्र वाटलं. फिर्मँ नव्हता तेव्हा.

आमचा बास्तियाँ आधी जोडायचा, आता तार्बला सुटं करतो.
रविवारी येतो, नखांत काळं,
पावानं रस्सा पुसत मला समजावतो:
"चार इंजिनं, आई. दोघांत भागतंय
तिथं चौघं जेवायला.
वरचा मजला भरला तर ठीक,
नाही तर मोठं घर, पोकळ वासा.
आणि लोकांना आता मधे उतरायला नको असतं.
आपल्या दारातून निघायचं ते थेट त्या दारात."
माझ्या दारातून तर गेलंच होतं, मी म्हणते.

मागच्या नाताळात त्यानं
आतल्या जिन्याची एक पायरी आणली, कडेला दिव्याची पट्टी असलेली.
ती खुराड्याला लावलीय.
कोंबड्या पहिल्या वर्गानं चढतात.

परवा त्याचा फोन आला, कामावरूनच.
कापायला घेतलेलं एक थांबवलंय.
स्पेनच्या माळावर झाकून ठेवली होती
त्यांतलीही काही परत उडाली.
नवी वेळेवर मिळत नाहीत म्हणे,
आणि मोठ्या शहरांत उतरायला जागा नाही,
मग एका खेपेत जास्त माणसं न्यायची तर
न्यायची कशातून?

"म्हणजे पुन्हा बनवणार?"

तो गप्प. मागे करवत चालू होती.
"नाही गं. आहेत ती म्हातारी होईस्तोवर वापरणार."
मला वाईट वाटेल असं त्याला वाटलं असावं.
मी ब्याऐंशीची आहे.
मला ती योजना बरी वाटली.

चौकातला पाटीचा खांब अजून बिजागरीवर आहे.
पंख जावा म्हणून तो वळवून
औषधाच्या दुकानाला टेकवायचे.
वर चिनारांनी हातपाय पसरलेत,
पानांत कापलेला तो भलामोठा चौकोन
जवळजवळ बुजला.
नवा मेअर, पोरगेलासा, विचारत होता,
"खांब पक्का करून टाकू का, ओदेत?"
तुझी मर्जी, म्हटलं.

तरी दर मार्चमध्ये फिर्मँचं स्टूल घेऊन जाते,
शिवणयंत्राच्या तेलाचे तीन थेंब सोडते,
खांब एकदा पूर्ण वळवून बघते,
परत जागेवर आणते.
सोलांज दुकानातून ओरडते, कुणाची वाट बघतेस?

वाट कसली.
वाऱ्यात कुरकुरतं ते,
आणि माझी खिडकी रस्त्याकडे आहे.